प्रत कुठे पाहिली

सूची करणाऱ्याला पुस्तक वाचावं लागत नाही, असा एक समज आहे. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय असे पाच रकाने भरले की काम झालं. आम्ही काही मंडळी बंगळूर, बडोदा, पुणे अशा वेगवेगळ्या गावांत बसून भारतीय इतिहास आणि पारंपरिक ज्ञान या विषयांवरच्या जुन्या मराठी पुस्तकांची डिजिटल सूची करतो आहोत. या साध्या रकान्यांनीच आम्हाला पुस्तकं उघडायला लावली.

वर्षाचंच घ्या. जुन्या पुस्तकावर पुष्कळदा फक्त शक छापलेला असतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि इसवी सन पौषाच्या सुमारास बदलतो. तिथून फाल्गुनापर्यंत 79 मिळवावे लागतात. म्हणजे महिना कळायला हवा. तो प्रस्तावनेच्या शेवटी, लेखकाच्या सहीशेजारच्या तिथीत सापडला तर सापडतो. नाहीच सापडला तर आम्ही दोन्ही वर्षं देतो.

तिथी आणि तारखांचा हा मेळ इंग्रजी वाचकांसाठी सविस्तर मांडणाऱ्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित होते. रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ 1896 मध्ये लंडनला निघाला. त्याच वर्षी पुण्यात त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून थेट त्यांच्या स्वतःच्या काळापर्यंतचा भारतीय ज्योतिर्गणिताचा इतिहास त्यात आहे. पुढे त्याचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद झाले, म्हणजे या विषयात इतर भाषांनी मराठीकडून उसनं घेतलं.

हा ग्रंथ एका वाचनालयाच्या संगणकीय यादीत ‘राशिभविष्य’ या विषयाखाली होता. शीर्षकात ज्योतिष दिसलं आणि कुणीतरी आकडा टाकला. आपल्याकडे ज्योतिष या एका शब्दात गणितही येतं आणि फलितही. ड्यूईच्या दशांश पद्धतीत फलज्योतिष 133.5 वर आहे आणि खगोलशास्त्र 520 वर. मध्ये अख्खी कपाटं उभी असतात. विज्ञानाचा इतिहास शोधणारा विद्यार्थी 133 च्या कपाटाकडे कशाला फिरकेल?

त्या वाचनालयाला जागा रिकामी करायची होती. बरीच वर्षं कुणी न नेलेली पुस्तकं रद्दीला जाणार होती, आणि ‘राशिभविष्य’चा गठ्ठा यादीत वरच होता. आम्ही समितीला भेटलो. आमचं काम होईपर्यंत थांबायला ते कबूल झाले आहेत. ते किती दिवस धीर धरतील, हे आम्हालाही सांगता येणार नाही.

शब्द बदलले की पुस्तकं दिसेनाशी होतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं. आज ‘पाककृती’ असं टाइप करून शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. नाव दिसलंच तर तो सूप कसं करायचं ते पाहायला जाईल. त्यात 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी बरेच अनुस्वार गेले. मुखपृष्ठावर ‘महाराष्ट्रांतील’ असेल आणि आपण ‘महाराष्ट्रातील’ असं शोधलं, तर यंत्र सरळ ‘काही सापडले नाही’ म्हणतं. म्हणून आम्ही शीर्षक दोनदा लिहितो. एकदा छापलं आहे तसं, एकदा आजच्या लेखनाप्रमाणे. विषयही एकाहून अधिक देतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचे विचारतात. मी हळदीची गोष्ट सांगते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांना मिळालं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आमच्या आज्यांना हे ठाऊक होतं, एवढं सांगून भागलं नसतं. छापील पुरावे समोर ठेवावे लागले. त्यानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. माहीत असणं आणि वेळेवर दाखवता येणं, यांच्यामध्ये कुणीतरी केलेली नोंद असते.

‘पारंपरिक ज्ञान’ या नावाची मला थोडी धास्तीही वाटते. त्या पाटीखाली गेलेल्या पुस्तकाची काही जण न वाचताच पूजा करतात आणि काही जण न वाचताच त्याला हसतात. दीक्षितांना दोन्ही चाललं नसतं. ते आकडेमोड करून पाहणारे होते. सूचीने कौल देऊ नये. पुस्तक कशाबद्दल आहे ते नेमकं सांगावं आणि वाचणाऱ्याला तिथवर पोचवावं.

पाच रकान्यांना आम्ही सहावा जोडला आहे: प्रत कुठे पाहिली. काही पुस्तकांसमोर तिथे चार-पाच नावं येतात, पुष्कळांसमोर एकच. वाचनालयाच्या समितीला भेटायला जाताना आम्ही अख्खी सूची नेत नाही. ज्या पुस्तकांसमोर फक्त त्यांचंच नाव आहे, तेवढ्या नोंदी छापून नेतो.