पावसाळा आणि पेडल

गिटारचं पेडल जुनं झालं की आवाज बसतो, असं अंधेरीतले वादक मित्र ठामपणे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. १९७८ सालच्या बॉस डीएस-१ पेडलमधले रेझिस्टर आजही बहुधा जसेच्या तसे असतील. वाळतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मग गुणगुण वाढते. नॉबची खरखर धुळीची, आपल्या दमट हवेची; क्लीनरचा फवारा मारला की बहुतेकदा जाते. आत विसरलेली ९ व्होल्टची बॅटरी मात्र खरी वैरीण, पाझरून तांबं खाते. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ पेडल मे महिन्यात वेगळंच वाजतं, पण तो दोष उकाड्याचा, वयाचा नाही. आणि आपले कान? वय झालं की वरचे सूर तेही सोडतातच की! उद्या लॅमिंग्टन रोडला जाऊन कपॅसिटर आणावेत.