किरण आणि कीरन

आयर्लंडात कीरन नावाचे पुरुष ठायी ठायी भेटतात. मराठी कानाला वाटतं, कुणीतरी किरणलाच हाक मारली. तिकडे मात्र ‘कीअर’ म्हणजे काळा आणि कीरन म्हणजे काळासावळा पोरगा. आपण लाडानं काळू म्हणतो, तसा. सहाव्या शतकात शॅनन नदीकाठी क्लॉनमॅक्नॉइजचा मठ स्थापणारे संत याच नावाचे. त्यांच्या नावात काळोख, आपल्या नावात उजेड! मला याची भारी गंमत वाटते.

ताराची कथा याहून लांबची. आपली तारा आभाळातली. वालीची राणी तारा, बृहस्पतीची पत्नी तारा, बौद्धांची करुणामयी तारा आणि १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाला पुरून उरलेल्या ताराबाई. आयर्लंडची तारा मात्र जमिनीवरची. डब्लिनच्या वायव्येला, मीथ परगण्यात, गवतानं झाकलेली ती एक टेकडी. जुन्या आयरिश राजांचं हे मानाचं ठाणं. तिथल्या उभ्या शिळेला खऱ्या राजाचा स्पर्श झाला की ती गर्जते, अशी आख्यायिका. (हल्लीच्या राज्यकर्त्यांपुढे ती मुकीच राहिली असती.) मूळ आयरिश नाव इंग्रजी तोंडात झिजून ‘तारा’ झालं. मुलीचं नाव म्हणून ते रुळलं, त्यात अमेरिकेचा वाटा मोठा. १९३६ सालच्या ‘गॉन विथ द विंड’ कादंबरीत आयर्लंडहून आलेला जेराल्ड ओहारा जॉर्जियातल्या आपल्या मळ्याला हेच नाव देतो. १९३९मध्ये त्यावर सिनेमा आला आणि मळ्याचं नाव पाळण्यापर्यंत पोचलं.

चंद्रावर उतरलेला नीलही आपला नव्हे. ना निळ्या रंगातला, ना सेतू बांधणाऱ्या वानरांतला. त्याच्या नावाचं मूळ गेलिक ‘नीअल’मध्ये.

असं काही दिसलं की काहींचे हात शिवशिवतात. लगेच संस्कृत आयर्लंडात कशी पोचली याचे नकाशे निघतात. अहो, माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजके आणि नावं लाखो. दोन परक्या नावांची टक्कर व्हायचीच. खरं नातं असतं तिथं चेहरा बहुधा पार बदललेला असतो. तारा टेकडीवरच्या राजाला आयरिश लोक ‘री’ म्हणत. ऐकून काही ओळख पटते का? पण हा ‘री’ आपल्या ‘राजा’चा भाऊबंद, एकाच इंडो-युरोपीय कुळातला. म्हणजे टेकडीच्या नावाशी आपली सोयरीक नाही, तिच्यावर बसणाऱ्याच्या पदवीशी आहे.

डब्लिनमधल्या मराठी आईबापांनी मुलाचं नाव खुशाल किरण ठेवावं. शाळेत हजेरी घेताना कुणी अडखळणार नाही. पण आयर्लंडशी आपलं नातं सांगायचंच असेल, तर ते नावात नको, आडनावात शोधा. २०१७ साली तिथले पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं वडिलांकडचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.