मधले चोवीस टप्पे

'गेम संपवला' हे वाक्य आम्ही आयुष्यात प्रथम उच्चारले तेव्हा ते खोटे होते. आणि ते नेमके कोठे खोटे होते हे कळायला आम्हाला जवळजवळ तीस वर्षे लागली.

नव्वदच्या दशकातली उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याला मामांच्या घरी जपानी निन्टेन्डो यंत्राची एक स्वस्त नक्कल आली होती. आमच्या पिढीने तिला 'टीव्ही गेम' म्हटले आणि तीत खोचायच्या तुकड्याला 'कॅसेट'. त्या कॅसेटमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' होता. मूळ खेळ १९८५ चा: आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२. प्रत्येक जगाच्या शेवटी एक किल्ला. आणि पहिल्या सातही किल्ल्यांत राजकन्येऐवजी भेटणारा तिचा सेवक, जो सांगतो की राजकन्या येथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे.

मामेभाऊ आमच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादाला शाळेतल्या कोणाकडून तरी एक गुपित कळले होते. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छताच्या विटांवरून धावत गेले की बाहेर पडण्याचा पाइप ओलांडून एका गुप्त खोलीत पोचता येते. तेथल्या तीन पाइपांपैकी एक थेट चौथ्या जगात उतरतो. चौथ्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात एक वेल दडलेला आहे. त्यावरून चढून गेले की आठवे जग. म्हणजे बत्तीसपैकी आठच टप्पे खेळून शेवट. दादाने ते एका दुपारी केले. आम्ही शेजारी दुसरा रिमोट घट्ट धरून बसलो होतो. या खेळात दोघांनी पाळीपाळीने खेळायचे असते, आणि त्या दुपारी पाळी फक्त दादाची होती; त्यामुळे आमच्या हातातल्या रिमोटला काहीही अर्थ नव्हता. जूनमध्ये शाळेत मात्र आम्ही जाहीर केले, "आम्ही गेम संपवला!" मराठीतले 'आम्ही' किती सोयीचे आहे याचा शोध आम्हाला बहुधा तेव्हाच लागला.

त्याच खोलीत खिडकीशी आजी ज्ञानेश्वरी वाचत बसलेली असे. राजकन्या सुटल्याचा आरडाओरडा ऐकून तिने चष्मा वर केला आणि विचारले, "अन् मधलं?"

"मधलं खेळायची गरज नाही, आजी."

"गरज नसंल. पण खेळला तर न्हाईस."

दिवा विझला न म्हणता शांत झाला म्हणणारी, बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणणारी ती पिढी. पोथी 'संपली' असे ती कधी म्हणाली नाही. अठरावा अध्याय ज्या दिवशी हातावेगळा होई, त्याच दिवशी पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या वाचून मगच ती पोथी फडक्यात बांधत असे. आम्हाला त्या वयात हा निव्वळ परिपाठ वाटे.

गंमत अशी की मारिओही शेवटी तेच करतो. राजकन्या सुटली की खेळ आभार मानतो, मोहीम पूर्ण झाल्याचे सांगतो आणि लगेच नवी मोहीम पुढे ठेवतो: तीच आठ जगे, पण शत्रू अधिक चिवट. शेवट गाठलेल्याला करणारा पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडतो. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये तर हा विचार आणखी स्पष्ट झाला. त्यात १२० तारे आहेत, पण शेवटच्या शत्रूपर्यंत पोचायला ७० पुरतात. सर्व १२० जमवणाऱ्यासाठी किल्ल्याबाहेरची एक तोफ उघडते, ती त्याला किल्ल्याच्या छपरावर नेऊन टाकते, आणि तेथे योशी नावाचा डायनासोर त्याला भेटतो. तो बक्षीस काय देतो? शंभर जीव. सर्व काही करून झाल्यावर, जीव खर्च करण्याजोगे काही उरले नसताना, शंभर जीव! संपूर्णतेच्या हव्यासावर यापेक्षा सौम्य भाष्य आम्हाला फारसे आढळलेले नाही.

काही खेळांना करणाऱ्याने शेवट दिलेलाच नाही. तेथे तो यंत्र देते. १९८० च्या 'पॅक-मॅन'चा २५६ वा टप्पा आला की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण आकडा ठेवायची आठ बिटांची जागा २५५ नंतर अपुरी पडते. 'टेट्रिस' १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी रचला. त्याच्या १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीत २९ व्या टप्प्यापासून तुकडे इतक्या वेगाने कोसळतात की तोच मानवी शेवट, असे दीर्घकाळ मानले जात होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या टप्प्यावर पोचला आणि खेळच थिजला. जुन्या आज्ञावलीला हिशेब पेलेनासा झाला होता. एका ब्रिटिश वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने त्याला जरा बाहेरची हवा खाण्याचा सल्ला दिला. टेट्रिस जिंकणे हे काही आयुष्याचे ध्येय नव्हे, असेही सुनावले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सोळा वर्षांच्या दुसऱ्या एका मुलाने, थिजू नये म्हणून दुरुस्त केलेल्या प्रतीवर, २५५ वा टप्पा ओलांडला. तेव्हा खेळ गुपचूप शून्याव्या टप्प्यावर परतला. 'पूर्ण' आणि 'पुरे' हे एकाच कुळातले शब्द आहेत. टेट्रिस पूर्ण होत नाही. यंत्र किंवा माणूस, कोणी तरी एक, पुरे म्हणतो.

मग पाइपातून जाणे हा दोष म्हणावा काय? आम्ही बराच काळ तसे मानले. परंतु मारिओ वेगाने संपवणाऱ्यांची एक जगभर पसरलेली जमात आहे. तिच्यातल्या एकाने २०२१ मध्ये ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत राजकन्या गाठली, अर्थातच त्याच पाइपांतून. पण त्याने जे गाळले ते अज्ञानाने नव्हे. हजारो वेळा खेळून, वीट न् वीट हाताखालून गेल्यावर जो गाळतो, त्याचे गाळणे हाही वाचनाचाच एक प्रकार आहे. आजीलाही कित्येक ओव्या न पाहता येत होत्या. न पाहिलेले गाळणे वेगळे.

हे आम्हाला सुचले ते एका अडचणीच्या क्षणी. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' २०१० मध्ये आली. तिच्यावर आम्ही वर्गात बोललो, चर्चासत्रात निबंध वाचला. मोहेंजोदडोच्या उत्खननाचा आरंभ आम्ही अनेकदा वाचला होता, शेवट वाचला होता, समीक्षकांनी गाजवलेले भाग वाचले होते. म्हणजे आम्ही विटांवरून धावलो होतो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मधल्या एका प्रकरणाविषयी काही विचारले. तिच्या प्रश्नात खोच नव्हती. तिने ते वाचले होते आणि तिला बोलायचे होते, इतकेच. आम्ही म्हणालो, "त्याकडे आपण नंतर वळू." ते 'आपण' उच्चारताना दुसरा रिमोट हातात असल्यासारखे वाटले. त्या प्रकरणाकडे आम्ही वळलो नाही. वर्ष संपले, विद्यार्थिनी निघून गेली.

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या संगणकावर मारिओ सापडला आणि आम्ही पाइप न वापरता बत्तीस टप्पे खेळायला बसलो. सतरा दिवस लागले. या वयात बोटे वेळेवर उडी मारत नाहीत. पण दुसऱ्या जगात एक संपूर्ण टप्पा पाण्याखाली आहे, सहाव्यातला एक राखाडी रंगात बुडालेला आहे, हे तेव्हा कळले. आणि तिसऱ्या जगात रात्र असते. काळे आकाश, त्याखाली पांढुरकी झाडे. जो खेळ आम्ही तीस वर्षे 'संपवलेला' म्हणून मिरवत होतो, त्यात रात्र पडते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

दादाला फोन केला. सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"तिसऱ्यात रात्र असते?" तो म्हणाला. "मला कसं माहीत असणार? मी पण कधी गेलो नाही तिकडे."

म्हणजे ज्याच्या विजयात आम्ही वाटा लाटला, त्याच्याकडेही तो पुरता नव्हता. शेवट करणाऱ्याचा असतो, कधी यंत्राचा असतो. खेळणाऱ्याचे म्हणून जे काही असते ते मधले. नव्या मोहिमेला आम्ही अजून हात घातलेला नाही, आणि ते शंभर जीव आम्हाला नकोत.

'हिंदू' मात्र पहिल्या पानापासून घेतली आहे. लेखकाने ती चार कादंबऱ्यांच्या मालिकेतली पहिली म्हणून जाहीर केली होती, म्हणजे शेवटच्या पानानंतरही राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असणार. विद्यार्थिनीने विचारलेले प्रकरण काल रात्री लागले. तिचा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला आता वर्गात ती नाही. पण निदान प्रश्न काय होता ते आम्हाला कळले आहे.