राणीच्या बागेंतील खरा अशोक

पालघर-बोईसरकडील मंडळी सुट्टींत मुलांना मुंबई दाखवावयास नेतात, तेव्हां राणीची बाग बहुधा ठरलेलीच असते. लोकलनें दादरास उतरावें, तेथें गाडी बदलून भायखळा गांठावें, कीं पूर्वेच्या अंगास थोडें चालतांच बाग लागते. मात्र बुधवारीं ती बंद असते. १८६२ सालीं खुल्या झालेल्या या बागेस आतां वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें नांव आहे; पण जुनें नांव लोकांच्या जिभेवरून अद्यापि उतरलेलें नाहीं.

मुलांची धांव थेट पेंग्विन पक्ष्यांकडे असते. २०१६ सालीं आणलेले हे पाहुणे काचेआडच्या थंड पाण्यांत सूर मारतात, तें पाहण्यासारखें आहेच. तरी या बागेचें खरें धन म्हणजे तिचे वृक्ष. आफ्रिकेंतील गोरखचिंच, ब्रह्मदेशांतील उर्वशी आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा सीतेचा अशोक, हीं सारीं तेथें एकाच आवारांत भेटतात.

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. 'मालविकाग्निमित्रां'त सुंदरीच्या पादप्रहारानें अशोक फुलावा असा संकेत आहे. तो समजावून देतांना मुलांच्या डोळ्यांपुढें मात्र कुंपणालगतचें तें उंच, सरळ, लांबट पानांचें झाड उभें राही. तें झाड निराळें. त्याचीं फुलें हिरवट व पानाआड लपणारीं. त्यास केशरी-तांबडे झुबके यावयाचे कोठून? कोश उघडून जें साधत नसे, तें यंदा फाल्गुनांत आमच्या नातीस त्या वृक्षाखालीं क्षणांत उमगलें. "आजोबा, फुलें तर खोडालाच फुटलीं आहेत!" ती उद्गारली.

बागेलगत १८७२ सालीं उघडलेलें, आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारांतील दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास 'एलिफंटा' म्हटलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो भंगला. पुढें तुकडे सांधून पुन्हां उभा केला. भूगोलाच्या पुस्तकांतील नांवाचा उगम मुलांस येथें हातभर अंतरावरून पाहतां येतो.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे, कीं पेंग्विन अवश्य दाखवावे, पण अर्धा तास झाडांखालीं काढावा. शब्द पाठ झाला आणि वस्तु अनोळखी राहिली, तर ती विद्या अर्धीच होय.

परततांना नातीनें विचारलें, "मग आपल्या दारांतलें झाड कोणतें?"

आम्हीं म्हटलें, "तेंही चांगलेंच झाड आहे, बाळ, फक्त नांव दुसऱ्याचें लावतें."