देवांच्या वाटेने: बीडजवळच्या पालीस पाठविलेली पत्रे

पत्र पहिले

मुंबईहून निघालेल्या बोटीवरून,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

तीर्थरूप आबांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बोटीने बॅलार्ड पियरचा धक्का सोडला आहे, मुंबईचे दिवे मागे पडत आहेत, आणि वरच्या मजल्यावरील एका निवांत जागी बसून मी हे लिहीत आहे. बोट गोव्याच्या बंदरात दिवसभर उभी राहणार, तर त्या वेळात तुम्ही दोघे काय करणार, असे तुम्ही आम्हांला निघताना विचारले होते. त्याचे उत्तर सविस्तर देतो.

उद्या सकाळी बोट मुरगाव बंदरास लागेल आणि सायंकाळी पुन्हा समुद्रात जाईल. मधल्या अवकाशासाठी बोटीवरूनच सहलींची व्यवस्था असते. उतारूंना मोठ्या बसमधून नेतात, ठरावीक स्थळे दाखवितात आणि वेळेवर परत आणून सोडतात. त्यात जोखीम नाही. परंतु वाटेत एखादे तळे दिसले किंवा बांधावर कोणी काम करताना दिसले, तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकारही त्यात नाही. म्हणून स्वतः चालविण्याची मोटार दिवसाच्या भाड्याने घेण्याचे आम्ही ठरविले. केंद्र शासनाच्या 1989 च्या योजनेनुसार या व्यवसायास परवाना लागतो, आणि परवान्याच्या मोटारीची खूण म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार कोणी स्वस्तात देऊ केली, तरी ती घेऊ नये. ती भाड्याने देणे कायद्यास मंजूर नाही, आणि काही विपरीत घडल्यास विम्याचा आधारही राहत नाही.

बंदरातले हे तास मला आपल्या पाटाच्या पाळीसारखे वाटतात. बिंदुसरा नदीच्या कालव्याला पाणी सुटले, की वाट्याला आलेल्या तासांत सारे शिवार भिजविण्याचा हव्यास जो धरतो, त्याचे एकही वावर धड भिजत नाही, हे तुम्हीच मला शिकविले. उद्याच्या पाळीचे पाणी मी एकाच वावरात सोडणार आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाच्या जाचामुळे झुआरी नदीच्या दक्षिणतीरावरील गावांनी आपली दैवते उचलून ज्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेली, तेथवर जायचे आणि ती दैवते मूळची ज्या गावांत नांदत होती, त्या गावांवरून परतायचे, एवढाच आमचा बेत आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

पत्र दुसरे

मुरगाव सोडल्यावर, भर समुद्रातून,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रात्र

तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवस मनासारखा पार पडला. मुरगाव हे केंद्र शासनाच्या महाबंदरांत गणले जाणारे बंदर. त्याच्या हद्दीत वाटेल त्या वाहनास प्रवेश नसतो, म्हणून मोटार आम्ही वास्को शहरात ताब्यात घेतली. करारनामा वाचून सही केली, अनामत रक्कम भरली, वाहनचालकाचा परवाना दाखविला, विम्याचे कागद आणि पेट्रोलचा काटा पाहून घेतला, आणि मोटारीच्या अंगावरच्या प्रत्येक जुन्या ओरखड्याचे छायाचित्र मोटार देणाऱ्या गृहस्थाच्या समक्षच काढून ठेवले. या सर्वांस अर्धा तासही लागला नाही.

चिखली आणि सांकवाळ मागे टाकून आपण कुठ्ठाळीस येतो, तेव्हा समोर झुआरीचे विस्तीर्ण पात्र उघडते. एके काळी येथून पलीकडच्या आगशीस फेरीबोटीने जावे लागे. 1983 मध्ये पूल झाला, आणि 2022 च्या डिसेंबरात उंच खांबांवरून पोलादी दोरांनी तोललेला नवा पूल वाहतुकीस खुला झाला. श्रीमंगेशाचे मूळ स्थान याच कुठ्ठाळीत होते. 1560 मध्ये भाविकांनी ते लिंग नदीपार प्रियोळास नेले; तो प्रदेश त्या वेळी आदिलशाही अंमलाखाली होता, आणि एका सत्तेच्या भयाने निघालेल्या देवाला दुसऱ्या, परधर्मीय सत्तेच्या मुलखात आसरा मिळाला, ही गोष्ट इतिहास सरळ दोन रंगांत पाहणाऱ्यांनी विसरू नये. जे अंतर त्या माणसांनी जिवावर उदार होऊन तोडले, ते आम्ही पुलावरून काही क्षणांत ओलांडले, याची जाणीव त्या उंचीवर मनाला स्पर्श केल्यावाचून राहिली नाही.

जुन्या गोव्यास आम्ही थोडाच वेळ थांबलो. बॉम जेझुस बॅसिलिकेचा रंग न दिलेला जांभ्या दगडाचा दर्शनी भाग आणि समोरचे से कॅथेड्रल यांचे वैभव निर्विवाद आहे. परंतु आमची पाळी दुसऱ्या वावराची होती.

प्रियोळातील मंगेशीच्या आवारात सात मजली दीपस्तंभ आणि प्रशस्त तळी पाहून पुढे म्हार्दोळास म्हाळसेचे, आणि फर्मागुडीवरून उतरून कवळ्यास शांतादुर्गेचे दर्शन घेतले. म्हाळसा मूळची वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. कवळ्याचे आजचे देवालय शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात उभे राहिले. मंगेशी गाव देवस्थानास इनाम मिळाला, तो पेशव्यांकडून, 1739 मध्ये. म्हणजे देव आले तेव्हा त्यांना केवळ आडोसा होता. त्या आडोशाचे देवालय होण्यास आणि त्यामागे सनदांचे बळ उभे राहण्यास पावणेदोनशे वर्षे लागली, आणि तोवर पिढ्यान् पिढ्या माणसांनी नदी ओलांडून येणे सोडले नाही. तेथे उभे असताना मला दसऱ्यानंतर आपल्या भागातून ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे आठवली. कोयता, भांडी आणि लेकरे घेऊन माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि गावची जत्रा कोणत्या तिथीला, हे मात्र फडावरही विसरत नाहीत. गाव सोडावे लागलेल्या माणसाचे गाव कोणते, याचा निर्णय तो कोठे राहतो यावरून होत नाही. तो कोठे परत जातो यावरून होतो.

परतीची वाट आम्ही मुद्दाम निराळी धरली: कवळ्याहून बोरी, तेथे पुन्हा झुआरीवरील पूल, मग लोटली आणि वेर्णे. आबा, या वाटेवर तुम्ही माझ्यासोबत हवे होता. नदीच्या दोन्ही अंगांस सखल जमिनी पसरल्या आहेत. त्यांना खाजन म्हणतात. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून पूर्वजांनी मातीचे आणि जांभ्या दगडाचे लांबच लांब बांध घातले आणि त्यांत जागोजागी लाकडी दारे बसविली. या दारांच्या जागेस मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले, की त्याच्याच रेट्याने दार मिटते. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते आणि शेतातले पाणी नदीत जाते. मोटार सुरक्षित जागी लावून आम्ही बांधावर उभे राहिलो. कापणी होऊन गेलेली होती. पावसाळ्यात येथे कोरगूट नावाचे, खारटपणा सोसणारे भात होते, आणि मानशीतल्या मासळीचा हक्क लिलावाने देतात, असे तेथे भेटलेल्या शेतकऱ्याने सांगितले. बांधांची निगा पूर्वी गावकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, राखीत असे. तिचे जुने रिवाज पोर्तुगीजांनीसुद्धा 1526 च्या आपल्या सनदेत नोंदवून मान्य केले होते.

बसने गेलो असतो, तर हा बांध खिडकीतून क्षणभर दिसून मागे पडला असता. सायंकाळी पेट्रोल मूळ पातळीपर्यंत भरून मोटार वास्कोस परत केली, अनामत जशीच्या तशी मिळाली, आणि बोटीची शिडी उचलण्याच्या बरेच आधी आम्ही जागेवर होतो.

पत्र तिसरे

मुंबई,
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल सुखरूप पोहोचलो. आपल्या गावातील कोणी पुढेमागे अशा प्रवासास निघाले, तर त्यांना माझ्या वतीने सांगावे, की बंदराजवळच्या शहरातून मोटार घ्यावी. पण जाण्यायेण्याचा एकूण पल्ला शंभर किलोमीटरच्या आसपास ठेवावा, दूरची ठिकाणे आधी आणि बंदराजवळची शेवटी घ्यावीत, आणि परतीसाठी हिशेबापेक्षा निदान एक तास जास्त राखावा, कारण पुलाजवळ वाहतूक कोंडली तर बोट कोणासाठी थांबत नाही. चालविणाऱ्यास वळणांची सवय नसेल, तर पिवळ्या पाटीची, चालकासह मिळणारी गाडी ठरवावी आणि मार्ग मात्र स्वतः ठरवावा. मला आपल्या मांजरसुंब्याच्या घाटाची सवय होती, म्हणून अडचण वाटली नाही.

त्या बांधावरून मनात आलेला एक विचार तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय राहवत नाही. ज्या शतकात झुआरीकाठचे देव नदीपार गेले, त्याच शतकात, 1582 मध्ये, निजामशाहीतील सलाबतखानाच्या आज्ञेने आपल्या बीडजवळ खजाना विहीर बांधली गेली, आणि तिचे पाणी भुयारी मार्गाने, मोटेवाचून, उताराच्या बळावर शेतांना जाऊ लागले. तिकडे खारे पाणी बाहेर ठेवण्याची विद्या, इकडे गोडे पाणी दूरवर पोहोचविण्याची विद्या. दोन्ही ठिकाणी निसर्गाचाच रेटा कामास लावलेला. परंतु बांध असो वा भुयार, ते बांधणाऱ्याच्या बुद्धीने उभे राहते आणि गावाच्या निगेने टिकते. पालीत कालव्याची चारी दरसाल कोणी साफ करावी, यावर जो वाद होतो, तो पुढच्या ग्रामसभेत तुम्ही शब्द टाकून मिटवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या वावराला त्या चारीचे पाणी मिळते, त्या प्रत्येक घरातून एक माणूस एक दिवस आला, तरी काम होईल. माझ्या वाट्याच्या दिवशी मी स्वतः येईन.

आणि माघात तुम्ही व आईने माझ्यासोबत कवळ्यास चलावे. बोटीचा आग्रह नाही. आपण पालीहून मोटारीनेच जाऊ, वाटेत कोल्हापुरास मुक्काम करू, आणि बोरीच्या त्या बांधावर तुम्हांला हवा तितका वेळ थांबू. ज्वारी काढणीला येण्याआधी परत येता येईल, असा हिशेब मी केला आहे.

आईस शिरसाष्टांग नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद. प्रकृतीस जपावे. पत्रोत्तराची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक मुलगा