भरलेला जिना

सकाळी साडेनऊला प्रभादेवी स्टेशनच्या जिन्यावर पायरी दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ, खांद्यावरची बॅग. पाऊल अंदाजानंच पडतं. पावसात पायरीची कड निसरडी होते आणि कठडा कडेनं चालणाऱ्यांच्याच हाती लागतो. मधल्याला आधार फक्त पुढच्याच्या पाठीचा.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला डिझाइनविषयी एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातूनच उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी जीव लावून लिहिलं ते आपल्या साध्या लोट्याबद्दल. तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना तोल कसा राहतो, रिकामा असताना कसा? डिझाइनवर इतकं नेमकं बोलणं मी क्वचितच वाचलं आहे.

जिन्याला हे प्रश्न कुणी विचारले का? ओला असताना कसा, भरलेला असताना कसा?

या भागातल्या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार भोंग्याबरोबर आसपासच्या चाळींतून चालत यायचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि तिथला माणूस विरारहून, कल्याणहून लोकलनं येऊ लागला. कचेऱ्यांच्या लॉबीत संगमरवर आला. स्टेशनचा जिना होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी, स्टेशनचं नाव अजून एल्फिन्स्टन रोड होतं तेव्हा, पाऊस कोसळला. माणसं आडोशाला जिन्यावरच थबकली आणि मागून गाड्या माणसं उतरवतच राहिल्या. चेंगराचेंगरीत तेवीस जीव गेले.

त्यानंतर लष्करानं नवा पादचारी पूल बांधला. फेब्रुवारी २०१८मध्ये तो खुला झाला. म्हणजे काही महिन्यांचंच काम होतं. ते आधी झालं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता शेजारचा शंभर वर्षांहून जुना एल्फिन्स्टन पूल पाडायला घेतला आहे. त्या जागी दुमजली पूल होणार आहे. तो बांधणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. त्याच्या पदपथांचे आणि जिन्यांचे नकाशे मराठीत, ठळक अक्षरांत, प्लॅटफॉर्मवर लावा. डबेवाले, परळच्या इस्पितळांत येणारे रुग्ण, मंगळवारी सिद्धिविनायकाला निघालेल्या आजी यांना काय वाटतं ते आधी ऐका, मगच सही करा.