सिंहांची भावकी

आमच्या माण तालुक्यात जनावर ओळखायला कुणी कुणाला शिकवत नाही. पोराच्या हाती पाटी यायच्या आधी ती नजर येते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलारांच्या रांगाच्या रांगा उभ्या असतात; एक बैल झाकावा आणि दुसरा काढावा. तरी ज्याचा खोंड तो लांबूनच ओळखतो. शिंगांची ठेवण, कपाळावरचा भोवरा, वशिंडाचा कल, चालताना मागचा पाय टाकायची ढब, एवढे त्याला पुरते. धनगर तर दोनशे मेंढरांतले एक कमी झाले, तर मोजायच्या आधीच कोणते ते सांगतो.

सिंहाचे तसे नाही. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. फोटो काढला की जनावर ओळखता येते. सिंह सगळे वाळल्या गवताच्या रंगाचे. आयाळीवरून ओळखावे, तर ती वयाबरोबर वाढते, गडद होते, भांडणात उपटलीही जाते. मग मोकळ्या रानात हिंडणारा नर अमुकच, हा त्याचा जोडीदार आणि हे दोघे अमक्या कळपात जन्मले, हे सांगायचे कशावरून? आफ्रिकेत हे सांगणारी माणसे आहेत. त्यांतला एक मला भेटला. त्याच्या कामाची ही हकीकत.

आमची थोरली लेक आणि जावई नैरोबीला असतात. मागच्या जानेवारीत, ज्वारी हुरड्यात असताना, धाकट्या भावावर रान सोपवून आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो होतो. जावयांनी अंबोसेलीला नेले. किलिमांजारोच्या पायथ्याचे, टांझानियाच्या सरहद्दीला लागून असलेले हे रान. पांढरी धूळ, काटेरी बाभळी आणि धुळीतून पाण्याकडे निघालेली गुरे. आमची मंडळी म्हणाली, "अहो, हे तर आपलं म्हसवडच की!"

तिथले मसाई लोक गुरांवर जगतात. गाई, शेळ्या, मेंढ्या हीच त्यांची दौलत. रात्री सगळी जितराबे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात घालतात. सिंहाने गाय मारली की गावातले जवान भाले घेऊन निघायचे आणि सिंहाला मारूनच परत यायचे. त्यात सूड होता आणि मर्दुमकीही होती. मग २००७ साली या भागात 'लायन गार्डियन्स' नावाचे काम सुरू झाले. सिंह मारणाऱ्या जवानांनाच सिंह राखायचे काम द्यायचे, अशी ती कल्पना. प्रत्येकाने आपल्या टापूत सकाळी पायी फिरायचे, माग काढायचा, कोणता सिंह कुठे आहे ते लिहून ठेवायचे आणि गुराख्यांना वेळेवर सावध करायचे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना लिहायला शिकवले. ओळख पटलेल्या प्रत्येक सिंहाला मसाई भाषेतले नाव दिले जाते.

मला भेटला तो असाच एक राखणदार. तिशीचा असेल. अंगावर लाल वस्त्र, हातात भाला आणि कमरेला मोबाईल. मला तो 'मझे' म्हणायचा. मझे म्हणजे वडीलधारा माणूस. आमचा ड्रायव्हर मध्ये पडून त्याचे बोलणे समजावून सांगत होता. गाडीवाटेवर तो उकिडवा बसला आणि धुळीतला ठसा बोटाने दाखवू लागला. पंजाच्या गादीला मागच्या बाजूने तीन फुगवटे, आणि नखांचा मागमूस नाही. तरसाच्या किंवा कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात. सिंह नखे आत ओढून चालतो. ठसा माझ्या पसरल्या पंजाएवढा रुंद. एवढा रुंद तो नराचाच. शेजारून तसाच दुसरा माग गेला होता. ठशांच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या आणि वरून कुठल्या किड्यामुंगीची रेघ गेली नव्हती. म्हणजे माग पहाटेचा.

मी विचारले, "हे दोघे भाऊ का?"

तो हसला. म्हणाला, "मझे, एका आईचे असतील नसतील. पण एका कळपात वाढलेत. एक दिसला की दुसरा जवळपास असतोच."

मग त्याने मोबाईल काढून चार ठिकाणी निरोप दिला, की आज त्या बाजूच्या पाणवठ्यावर गुरे नेऊ नका. त्या दिवशीचे त्याचे खरे काम एवढेच होते.

मागावरून नर कळतो, पण नेमका कोणता ते कळायला तोंड पाहावे लागते. सिंहाच्या वरच्या ओठावर मिशांचे केस ओळीने उगवतात आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी काळा ठिपका असतो. सर्वांत वरच्या ओळीत थोडेच ठिपके असतात. ते खालच्या ओळीतल्या कोणत्या ठिपक्याच्या वर येतात, हे प्रत्येक सिंहाचे वेगळे. डावा गाल वेगळा, उजवा वेगळा, आणि जन्मभर त्यात बदल होत नाही. जणू आपल्या अंगठ्याचा ठसाच! ही रीत पेनिक्विक आणि रुडनाई या संशोधकांनी १९७० साली नैरोबीजवळच्या सिंहांवरून मांडली. आजही प्रत्येक सिंहाचे कार्ड करून त्यावर दोन्ही गालांचे ठिपके काढून ठेवतात. जोडीला कानाच्या फाटक्या कडा, जखमांचे व्रण, तुटलेला सुळा यांचीही नोंद होते. वय नाकावरून कळते. छाव्याचे नाक गुलाबी असते, वयाबरोबर त्यावर काळे डाग पडत जातात आणि म्हाताऱ्याचे जवळजवळ काळे होते. बैलाचे दात पाहून वय सांगतो, तसलाच हा प्रकार.

अशी कार्डे वर्षानुवर्षे भरत गेली तेव्हा सिंहाचा खरा संसार माणसाला कळला. शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीत जॉर्ज शॅलर यांनी १९६६ साली सिंहांचा अभ्यास सुरू केला. १९७८ पासून क्रेग पॅकर आणि ॲन पुसी यांनी तो पुढे नेला. कळपातल्या माद्या आई, मुली, मावश्या, बहिणी अशा नात्यातल्या असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुलखात राहतात. नराला मात्र दोन-तीन वर्षांचा झाला की घर सोडावे लागते. तो एकटा निघाला तर त्याचे काही खरे नसते. म्हणून बरोबरीचे भाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ मिळून बाहेर पडतात. एखाद-दुसरे वर्ष परमुलखात लपतछपत काढतात आणि अंगात बळ आले की एखाद्या कळपावर चाल करून जुन्या नरांना हाकलतात. या टोळीला मी सिंहांची भावकी म्हणतो. दोघा-तिघांच्या टोळीत पुष्कळदा परका सोबतीही असतो; चार किंवा त्याहून मोठी टोळी बहुधा रक्ताच्या नात्याचीच. १९९१ साली रक्ताच्या तपासणीवरूनही ते दिसून आले. मोठ्या टोळीत पिल्ले थोड्याच नरांची होतात. ज्याला स्वतःचे पोर होणार नाही, तो भावाच्या पोरांसाठीच लढेल; परक्याच्या पोरांसाठी कशाला?

एवढे बळ असूनही राज्य टिकते ते साधारण दोन-तीन वर्षे. मग नवी टोळी येते. आणि नवे नर आधी काय करतात, तर जुन्यांची लहान पिल्ले मारून टाकतात. पिल्लू अंगावर पीत असेतो सिंहीण माजावर येत नाही. पिल्लू गेले की लवकरच येते. ऐकायला क्रूर वाटते, पण त्यांचा व्यवहार असा आहे. म्हणून एका नराचे मरण हे एकाचे मरण नसते. जोडीतला एक गेला की उरलेला मुलूख राखू शकत नाही आणि मागोमाग पिल्लेही जातात.

दक्षिण आफ्रिकेत क्रुगर अभयारण्याला लागून साबी सँड नावाचे राखीव रान आहे. तिथे २००६ च्या सुमारास सहा नरांची टोळी वर आली. लोकांनी तिला 'मापोगो' नाव दिले. पाच एका कळपात जन्मलेले आणि सहावा वयाने मोठा, बाहेरून येऊन मिसळलेला. एकाची शेपटी वाकडी, एकाच्या आयाळीच्या जटा झालेल्या. नावेही त्यावरूनच पडली. सहांनी मिळून मोठा मुलूख घेतला, कित्येक सिंह मारले. पुढे त्यांच्यात फूट पडली. दोघे बाजूला निघून वेगळे राहू लागले. २०१० साली नव्या नरांच्या टोळीने त्या दोघांना गाठले आणि वाकड्या शेपटीचा मारला गेला. दुसरा जुन्या भावांत परत गेला. २०१२ मध्ये आणखी एक टोळी आली, तिने त्यालाही मारले आणि मापोगोंचे राज्य संपले. हा सगळा इतिहास रोज उठून माग काढणाऱ्यांनी आणि तोंडे ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवला, म्हणून आज सांगता येतो.

ओळखीचा असाच उपयोग गोठ्यालाही होतो. केनियाच्या मसाई मारा भागात २०१५ च्या डिसेंबरात सिंहांनी गाई मारल्या, तेव्हा कुणी मेल्या जनावरावर कीटकनाशक टाकले. जगभर चित्रपटांतून माहीत झालेल्या एका कळपातले सिंह त्यात मेले. विषाला तोंडओळख नसते. गाय मारणारा आणि न मारणारा, गिधाड आणि तरस, सगळे एकाच मापाने जातात. फ्युराडानचे दाणे आपल्याकडच्या जुन्या बागाईतदारांना आठवत असतील. केनियात त्यांनीही सिंह मारले गेले आहेत. गाय गेल्याचे दुःख मला कुणी सांगायला नको. पण ओळखीचा नर जागेवर असला, तर त्याच्या वाटा, त्याचे पाणवठे गुराख्याला ठाऊक असतात. तो मेला की त्याच्या जागी येणारे उपाशी, बिनओळखीचे असतात. आपल्या जुन्नरकडे २००१ ते २००३ या काळात शंभरावर बिबटे पकडून बरेचसे दूरच्या जंगलात सोडले, तर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. विद्या अथ्रेया यांच्या अभ्यासाने ते दाखवून दिले.

या सिंहांची एक गोष्ट मला फार आवडली. १९९५ साली छापलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी परक्या नरांच्या डरकाळ्यांचा आवाज लावून पाहिला. आपल्या मुलखात परकी डरकाळी ऐकू येताच नर उठून तिकडे निघत. साथीदार रक्ताचा असो वा नसो, तो जवळ असो वा नजरेआड, ते थांबत नसत. भाऊ बघतो आहे म्हणून कुणी पुढे जात नव्हता आणि बघत नाही म्हणून कुणी मागे राहत नव्हता.

आपल्या भाषेत 'भाऊबंदकी' हा शब्द भांडणाला वापरतात. हातभर बांधापायी दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टाची पायरी झिजवणारी घरे प्रत्येक गावात आहेत. सिंह काही संत नाहीत. एकाच शिकारीवर तेही एकमेकांना पंजे मारतात. पण सिंहाच्या नावावर सात-बारा नाही. जोवर भाऊ पाठीशी, तोवर जमीन त्याची. आपल्याला कागद मिळाला, म्हणून भावाची गरज संपली असे आपण धरून चालतो. माझ्या आणि धाकट्याच्या वाटण्या होऊन बारा वर्षे झाली. चुली दोन, विहीर एक. पाण्याच्या पाळीवरून आमचेही आवाज चढतात. पण गाव सोडून कुठे जायचे झाले, की घराची किल्ली आणि उभे पीक मी त्याच्याच हाती देतो, आणि तो माझ्या.